उजागरे पाळकांचं परदेशी टपाल

माझी जयपूरला बदली झाली तेव्हा पहिले तीन महिने माझ्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस होता. तो म्हणजे साताऱ्यात राहिलेला माझा नवरा, आणि तोही फोनवर. दुसरा माणूस भेटला टोंक रोडवरच्या एका पोस्टात.

आमच्या विमा कार्यालयाचं एक पाकीट स्पीड पोस्टनं पाठवायचं होतं. शिपाई रजेवर होता म्हणून मीच गेले. माझ्यापुढे रांगेत एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेली मिशी, काखेत कापडी पिशवी. खिडकीतल्या कारकुनानं त्यांना पाहून विचारलं, "उजागरे जी, आज कौन कौन से देश?"

"एक फिजी, भैया. एक कंबोडिया. और दो स्कॉटलंड."

मग ते बाजूच्या टेबलापाशी उभे राहून तिकिटं लावू लागले. एक तिकीट काही केल्या बसेना. ते स्वतःशीच पुटपुटले, "आरं देवा, चिकटंना की हे."

मला हसू आलं. त्यांनी वळून पाहिलं. "ताई, तुम्ही मराठी? कुठल्या?"

"वाईजवळची. सातारा जिल्हा."

"मी नेवाशाचा. चला, चहा घेऊ. ह्या तिकिटाला तोवर शहाणपण येऊ दे."

अशी माझी आणि पाळकसाहेबांची ओळख झाली. माझं नाव कीर्ती आहे, पण त्यांनी मला कायम ताई म्हटलं. मी त्यांना पाळकसाहेब म्हणत असे, कारण त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई चारचौघांत तसंच म्हणत.

नागनाथ उजागरे नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मॅट्रिक झाल्यावर नागनाथ फौजेत भरती झाले आणि अक्षर सुरेख म्हणून कारकून झाले. तीस वर्षं त्यांनी फौजेचं टपाल सांभाळलं. ज्यांना लिहिता येत नसे त्या जवानांची पत्रं लिहून दिली, आलेली वाचून दाखवली. शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत होती. सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मुलगी उत्कर्षा शाळेत होती, तिला इथंच पुढं शिकायचं होतं, म्हणून ते इथंच राहिले. मग पन्नाशीत त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, तोही बराचसा पत्राद्वारे, आणि एका छोट्या हिंदी ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले. साठेक कुटुंबं, एक साधं उपासनामंदिर, मागं दोन खोल्या.

त्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. कारभार हाती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचा खालचा खण ओढला, तर तो उघडेना. आत पत्रं कोंबलेली होती. त्रेचाळीस पत्रं, सगळी परदेशातली, बहुतेक न फोडलेली. आधीच्या पाळकांची नजर शेवटच्या काही वर्षांत काचबिंदूनं गेली होती आणि त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. वचनं पाठ होती, गीतं पाठ होती, उपासना निभावून जात होती. पत्रं मात्र पाठ नसतात. ती ते आणून खणात ठेवत राहिले.

"मला त्यांचा राग नाही आला," पाळकसाहेब मला म्हणाले. "पण ताई, टपालाचं उत्तर राहिलं की मला जेवण जात नाही. तीस वर्षांची सवय. मी सगळी फोडली. एकेक वाचलं. आणि एकेकाला लिहिलं."

प्रत्येक पत्राची सुरुवात त्यांनी फौजी इंग्रजीत केली: संदर्भ, आपले पत्र, दिनांक अमुक; उत्तराला सहा वर्षे विलंब झाला, क्षमा असावी. कुठं चार वर्षं, कुठं नऊ. त्रेचाळीसपैकी सतरा जणांची उत्तरं आली. काही उत्तरं मुलांनी लिहिली होती, कारण मूळ लिहिणारे वारले होते. एक फिजीतले पाळक होते. त्यांचे पणजोबा ऊसतोडीसाठी इकडून बोटीनं गेलेले, घरात अजून हिंदी बोलत. कंबोडियात काम करणारी एक नागालँडची मिशनरी बाई होती, तिचे वडील पाळकसाहेबांच्याच पलटणीत होते. या पत्रांतून पुढची पत्रं निघाली. मी जयपूरला आले तेव्हा त्यांचा पत्रव्यवहार नऊ देशांतल्या पाळकांशी आणि मिशनऱ्यांशी चालू होता.

त्यांचे नियम ठरलेले. एका पानाच्या वर लिहायचं नाही. पत्रात काही मागायचं नाही. आणि नुसतं 'आम्ही बरे आहोत' असं लिहायचं नाही. "काय बरं आहे ते लिहावं," ते म्हणत. "पेरूला फळं आली, ह्याचा गुडघा दुखायचा राहिला, त्याची पोरगी पास झाली. नुसतं बरं आहे म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, टाळलं आपल्याला."

रत्नमालाबाईंना यातलं सगळं माहीत होतं. "मला लग्नाआधी अकरा पत्रं लिहिली ह्यांनी," त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "नऊ पत्रांत हवामान. दहाव्यात विचारलं, तुम्हाला मेथी आवडते का. अकराव्यात तारीखच कळवली."

उत्कर्षाला मात्र हा प्रकार फारसा पटत नसे. ती गोपालपुऱ्यात एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. दिवसाला सहा तास, दीडशे मुलांची बॅच. तिचं मराठी अडखळत चालायचं. "पप्पा, ईमेल करा ना. मतलब, एक मिनिटाचं काम आहे. तुम्ही तीन दिवस लावता."

"तीन दिवसांत मला काय लिहायचं ते समजतं," पाळकसाहेब म्हणायचे. ती डोळे फिरवायची आणि बॅग उचलून निघायची. भांडण असं नव्हतं. पण त्या टेबलाशी ती कधी बसलेली मी पाहिली नव्हती.

मी जयपूरला आल्यावर दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडहून एक नवं पत्र आलं. लिहिणारी व्यक्ती ओळखीची नव्हती. उत्तरेकडच्या एका समुद्रकाठच्या गावातल्या चर्चच्या त्या पाळक होत्या, रेव्हरंड मोरॅग. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्या गावातल्या वृद्धाश्रमात मिस आयलीन रॉस नावाच्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाई आहेत. तरुणपणी त्या मिशनच्या परिचारिका म्हणून राजस्थानात होत्या. आता त्यांना विस्मरण झालंय. इंग्रजी जवळजवळ गेलंय. पण रोज संध्याकाळी त्या अस्वस्थ होतात, अंगावरचं पांघरूण फेकतात आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. कुणाला ते कळत नाही. त्यांच्या जुन्या वहीत जयपूरच्या या चर्चचा पत्ता सापडला, म्हणून हे पत्र. ते वाक्य कानाला जसं ऐकू आलं तसं खाली रोमन लिपीत लिहिलं होतं. पाळकसाहेबांनी ते मला वाचून दाखवलं:

"मारो माचो बॅरी काड दो."

पुढं मोरॅगबाईंनी लिहिलं होतं, की त्यात बॅरी असं नाव ऐकू येतं, म्हणून आम्ही बॅरीचा पुष्कळ शोध घेतला. त्यांच्या भाच्याच्या शेजाऱ्याचं नाव बॅरी आहे. तो भला माणूस, दोन संध्याकाळी येऊन त्यांचा हात धरून बसला. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही हसलो, आणि हसल्याबद्दल आम्हाला लाजही वाटली.

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत घरात त्या पाच शब्दांवर खल चालला होता. रत्नमालाबाई म्हणाल्या, "काड म्हणजे काढ असेल. काही तरी काढ म्हणतीय बाई. पण काय काढायचं?" उत्कर्षानं फोनमधून डोकं वर केलं. "हिंदी आहे ना. मारो म्हणजे मारो. बॅरी नाही, बैरी. मतलब दुश्मन. बैरी को मारो, निकाल दो, असं काही तरी."

हे जुळत होतं, म्हणूनच वाईट वाटत होतं. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मंडळीतल्या एका जुन्या सभासदांना विचारलं. तेही म्हणाले, कुणाला ठाऊक, एकटी बाई, परका मुलुख, काही प्रसंग घडला असेल. मनात राहिलं असेल. पाळकसाहेबांनी उलट टपाली लिहून विचारलं होतं, की त्यांचा आवाज टिपून पाठवता येईल का. त्याचं उत्तर मात्र ईमेलनं आलं. वृद्धाश्रमाच्या नियमांनुसार कुणाचाही आवाज टिपून बाहेर पाठवता येत नाही. मोरॅगबाईंनी माफी मागितली होती आणि लिहिलं होतं, की आम्हाला फक्त एवढं कळलं तर पुरे, की त्यांना भीती वाटतेय की काही हवंय.

चार-पाच दिवसांनी मला पाळकसाहेब पुन्हा पोस्टात दिसले. पाकीट बंद केलेलं, पत्ता लिहिलेला. कारकुनानं हात पुढं केला. पाळकसाहेबांनी पाकीट धरून ठेवलं, मग म्हणाले, "रहने दो, भैया. आज नहीं."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय, की त्यांना कुणाची तरी भीती वाटते. शत्रू म्हणतात, मारा म्हणतात. उत्कर्षा म्हणते तसंच." ते पाकिटाकडे पाहत होते. "ताई, मी एकदा अंदाजानं निरोप दिलाय. चौऱ्याऐंशी साली. आम्ही आसामकडे होतो. हिंदुराव म्हणून कोल्हापूरकडचा एक नाईक होता. त्याच्या घरून फोन आला. लाईन अशी खरखरती, की दहातला एक शब्द कळंना. तिकडून कुणी तरी ओरडलं, बाळ झालं. मला ऐकू आलं, बाळ गेलं."

त्यांनी पाकीट दुसऱ्या हातात घेतलं.

"मला शंका होती. खरं सांगतो, होती. पण पुन्हा फोन लागंना, आणि साहेब म्हणाले, काय असेल ते सांगून टाक. मी सांगितलं. दोन दिवस तो पोरगा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तार आली, मुलगा झाला, दोघं सुखरूप. मला वाटलं, आता हा मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला मिठी मारली." त्यांनी पाकीट मधोमध फाडलं. "त्या बाईच्या उशाशी रोज माणसं बसत्यात. मी असं लिहिलं, तर उद्यापासून ती माणसं तिच्याकडं भ्यालेली बाई म्हणून बघतील. आणि मला तर माहीतच नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्कर्षाला हाक मारली आणि म्हणाले, "ईमेल लिही. विचार, त्या राजस्थानात नेमक्या कुठं होत्या? काही फोटो, कागद काय असेल ते बघा म्हणावं."

उत्कर्षा आश्चर्यानं बसली. वडिलांनी ईमेल सांगितलं, हेच तिला नवल होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत एक फोटो. बुटकी चुन्याची इमारत, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली तीन बाया. मधली गोरी, कंबरेवर हात ठेवलेली. फोटोच्या मागे शाईनं लिहिलं होतं: चाकसू, १९६८.

चाकसू आमच्या टोंक रोडवरच, चाळीसेक किलोमीटर पुढं. जूनच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही निघालो. गाडी उत्कर्षा चालवत होती. रत्नमालाबाईंनी कांदा-भाकरी आणि ताकाची बाटली दिली होती, आणि खिशात ठेवायला सगळ्यांना एकेक कांदा, ऊन लागू नये म्हणून. गाडीतून उतरलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं होत होतं.

चाकसूत विचारत विचारत गेलो. मिशनचा दवाखाना गावात नव्हता, सहा-सात किलोमीटर आत एका वस्तीवर होता. आता तिथं धान्याची पोती ठेवत. लिंबाचं झाड मात्र होतं. चहाच्या टपरीवर पाळकसाहेबांनी फोटो दाखवला. दोघा-तिघांनी तो हातोहात फिरवला आणि एक जण म्हणाला, "रोस बाई का दवाखाना? भूरी काकी से पूछो. वही काम करती थी वहाँ."

भूरी देवी घराच्या ओसरीवर मुगाच्या वड्या घालत बसली होती. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, हातात चांदीची जाड कडी. तिनं हात पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. डावीकडच्या हडकुळ्या पोरीवर बोट ठेवून म्हणाली, "या तो मैं छूं." ही तर मी आहे.

पाळकसाहेब तिच्यासमोर जमिनीवरच बसले. कागद उघडला आणि म्हणाले, की रोसबाई जिवंत आहेत, फार म्हाताऱ्या झाल्यात, आणि रोज संध्याकाळी असं म्हणतात. मग त्यांनी वाचलं, जसं लिहिलं होतं तसं, बॅरीसकट.

"फेर बोलो," भूरी म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. भूरीनं ओढणी तोंडावर घेतली. मला वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती, खांदे हलवत हसत होती. मग तिनं भिंतीला उभ्या टेकवलेल्या बाजेकडे हात केला.

"म्हारो माचो बारै काढ द्यो!"

माचो म्हणजे बाज. बारै म्हणजे बाहेर. माझी बाज बाहेर काढा.

उत्कर्षा वडिलांकडे पाहत राहिली. पाळकसाहेबांनी हातातला कागद घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला.

मग भूरी सांगत गेली, ढूंढाडी या तिथल्या बोलीत आणि हिंदीत मिसळून, आणि आम्हाला सगळं कळत गेलं. रोसबाई आल्या त्या भर उन्हाळ्यात. आत झोपणं त्यांना सोसेना. दवाखान्यामागच्या अंगणात भूरीच्या घरच्या चार बाजा पडत, तिथं पाचवी त्यांची पडू लागली. भाषा त्या औषधाला येणाऱ्या बायांकडून शिकल्या, म्हणून त्यांना हिंदीपेक्षा ढूंढाडीच चांगली यायची. दिवस मावळताना शेवटचा रोगी गेला की त्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि भूरीला हाक मारून हेच म्हणायच्या. भूरी बाज ओढून अंगणात टाकायची, वर पाण्याचा हबका मारायची. मग दोघी त्या ओलसर बाजेवर बसून रोटी खायच्या. अकरा उन्हाळे असं चाललं.

"आणि तू काय म्हणायचीस?" पाळकसाहेबांनी विचारलं. "त्या म्हणाल्या, बाज बाहेर काढा. मग तू?"

"मैं?" भूरीला प्रश्नाचं नवल वाटलं. "मैं बोलती, काढ दियो, बाईसा. आज्यो." काढली, बाई. या.

ते शब्द पाळकसाहेबांनी लिहून घेतले. तिनं आणखीही बजावलं. बाजेचं डोकं पूर्वेला हवं, बाईला सकाळच्या उन्हानं जाग यायला आवडायचं. पायाशी जाड काही टाकायचं नाही. आणि पाण्याचा तांब्या डाव्या हाताला, कारण बाई डावऱ्या होत्या. पाळकसाहेबांनी हे सगळं जसंच्या तसं टिपलं. निघताना भूरी उठून गाडीपर्यंत आली. तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. "अजून बाहेर काढा म्हणते," ती म्हणाली, "आणि कुणी काढत नाही."

परतीला गाडी टोंक रोडवर लागली. मग उत्कर्षाच म्हणाली, "पप्पा, मी तर बैरी म्हटलं होतं."

"तू चुकलीस असं नाही. ऐकू तसंच येत होतं."

"पण तुम्ही पाठवलं नाही."

"नाही पाठवलं."

घरी पोचल्या पोचल्या ती स्वतःहून टेबलाशी बसली. पाळकसाहेब सांगत होते, ती टाईप करत होती. 'काढ दियो, बाईसा, आज्यो' हे इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं यावर बापलेकीचं अर्धा तास चाललं. ढ चं काय करायचं? उत्कर्षानं शेवटी लिहिलं, की जीभ टाळूला लावा, मागं वळवा आणि श्वास सोडत खाली आपटा. रत्नमालाबाई आतून म्हणाल्या, "असं वाचून ती बाई दवाखान्यात जाईल." सोमवारी सकाळी तोच मजकूर पाळकसाहेबांनी हातानं एका पानावर लिहून पोस्टातही टाकला. ईमेल पोचलं असेल, तरी पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं.

तीन आठवड्यांनी मोरॅगबाईंचं उत्तर आलं. पाळकसाहेबांनी ते मला वाचून दाखवायला पोस्टाबाहेरच्या त्याच बाकावर बसवलं. ढ काही त्यांना जमेना, म्हणून त्या गावातल्या किराणा दुकानदाराकडे गेल्या. तो मूळचा पंजाबी. त्यानं बटाट्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून त्यांच्याकडून दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं. आश्रमातल्या लोकांनी पलंग फिरवून खिडकीशी लावला, डोकं पूर्वेला, तांब्या डावीकडे. तिकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळी जेवणाआधी चाकांच्या पलंगासकट त्यांनी मिस रॉसना बागेकडच्या उघड्या व्हरांड्यात नेलं. त्या पांघरूण ढकलून तेच वाक्य म्हणाल्या. मोरॅगबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "काढ दियो, बाईसा. आज्यो."

मिस रॉसनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. किती तरी महिन्यांत त्यांनी कुणाच्या तोंडाकडे असं पाहिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "चोखो," आणि पलंगावर जरा सरकून बाजूला जागा केली. मोरॅगबाई त्या जागेत बसल्या. चोखो म्हणजे काय, हे त्यांनी पत्रात विचारलं होतं, आणि लिहिलं होतं, की अर्थ काहीही असला तरी मला तो त्या क्षणी कळला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "चोखो म्हणजे छान," मला म्हणाले, जणू मीच विचारलं होतं.

हे सगळं सांगायला ते चाकसूला गेले, ते एकदाच जाणार होते. पण भूरी देवीनं त्यांना सोडलं नाही. तिचं म्हणणं, मलाही पत्र पाठवायचंय. तिनं सांगायचं आणि पाळकसाहेबांनी लिहायचं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी बापलेक चाकसूला जाऊ लागले, कधी मधी मीही. तिकडून मोरॅगबाईंची उत्तरं येत. त्या मिस रॉसना ढूंढाडीतले सात-आठ शब्द म्हणून दाखवू लागल्या होत्या. भूरीचे प्रश्न सरळ असत. तुमच्याकडे म्हशी आहेत का? रोसबाईचे केस कोण विंचरतं? समुद्राचं पाणी खारट, मग जनावरं काय पितात? पाळकसाहेब एकही प्रश्न गाळत नसत. "जवानांची पत्रं लिहायचो तेव्हापासून हाच कायदा," ते म्हणाले. "सांगणाऱ्याचं पत्र सांगणाऱ्याचंच राहिलं पाहिजे."

उत्कर्षा मराठी वाचायची ती हिंदीसारखी, थांबत थांबत. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी घरी गेले तर ती वडिलांच्या जुन्या पत्रांच्या नकला वाचत बसली होती. पाळकसाहेब प्रत्येक पत्राची एक नक्कल स्वतःसाठी मराठीत ठेवत. मला म्हणाली, "ताई, यात मी आहे. बघा, फिजीच्या पत्रात. 'माझी मुलगी दीडशे मुलांना शिकवते आणि तिचा आवाज बसलेला आहे. मध-हळद चालू आहे.'" मग हसून म्हणाली, "मला वाटायचं, पप्पा फक्त दुसऱ्यांचं लिहितात."

फेब्रुवारीत मिस आयलीन रॉस गेल्या. सकाळी, झोपेत. खिडकीतून ऊन आलं होतं. मोरॅगबाईंचं पत्र सव्वा पानाचं होतं, आणि पाळकसाहेबांनी त्या पाव पानाबद्दल काही तक्रार केली नाही. रविवारी त्यांनी मंडळीत मिस रॉसच्या नावानं प्रार्थना केली. मग आम्ही चाकसूला गेलो. भूरीनं ऐकून घेतलं, उठून आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. "माचो कठै छो?" तिनं विचारलं. बाज कुठं होती?

"खिडकीशी," पाळकसाहेब म्हणाले. "डोकं पूर्वेला."

तिनं मान डोलावली.

मार्च संपता संपता शीतला मातेचा मेळा आला. देवीचं देऊळ असलेला चाकसूचा डोंगर माणसांनी भरून गेला होता. भूरीनं आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं, पाळकसाहेबांनाही, रत्नमालाबाईंनाही. त्या दिवशी चूल पेटवायची नसते. आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण, दह्यातला भात, पुऱ्या, बाजरीची ताकातली राबडी. पाळकसाहेब डोंगरावर चढले नाहीत. ओसरीवर बसून जेवले आणि दोनदा भात मागून घेतला. रत्नमालाबाईंनी वड्यांची कृती विचारली. उत्कर्षा भूरीच्या नातीला रसायनशास्त्राचा एक प्रश्न समजावत होती.

जेवणं झाल्यावर पाळकसाहेबांनी पिशवीतून कागद काढला. भूरीनं हात झटकले, भिंतीला टेकली आणि सांगू लागली. मोरॅगबाईला लिहा, आज मेळा होता. गर्दी फार. तुम्ही टपालानं पाठवलेला स्वेटर मी घातला नाही, इकडे ऊन आहे, पण शेजारणींना दाखवला. रोसबाईची जागा आता तुमची. उन्हाळ्यात या. चार बाजा आहेत, पाचवी मी विणायला टाकलीय.

"विणायला टाकलीय," पाळकसाहेबांनी लिहिता लिहिता म्हटलं, आणि मान वर करून विचारलं, "सुतळीची की नवारीची? त्या विचारतील."

"मूंज की," भूरी म्हणाली, म्हणजे गवताच्या दोरीची. त्यांनी तेही लिहिलं.